दिवेलागणीला सुटणारं वायफाय

आई लाखनीत एकटी राहते म्हणून अमरनं पुण्याहून येऊन घरातला बल्ब, कॅमेरा आणि दाराचं कुलूप वायफायवर जोडून दिलं होतं. पण रोज दिवेलागणीला धुरपताबाई देवापाशी काडी ओढत, आणि त्याच घटकेला या तिन्हींचं वायफाय सुटे.

आज अमर फोनवरच होता. "आई, राउटर बंद केला काय?"

"केला बाप्पा. पिनच उपटून ठेवली."

"मंग फोनातल्या यादीत पाह्य, कोणाचं वायफाय दिसते?"

धुरपताबाईंनी चष्मा सावरला. एकच नाव होतं. ते त्यांनी उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं.

"तुह्या बाबाचं नाव आहे रे."

"बाबाच्या फोनचं? तो फोन कुठं ठेवला तू?"

"ठेवतो कुठं? लई जीव होता त्यांचा त्याच्यावर, म्हणून तूच तर कारध्याले अस्थींसंग वैनगंगेत सोडला."

अमरनं फोनवरच कुलपाचं ॲप उघडलं. मग घाईनं म्हणाला, "आई, दाराचं कुलूप त्याच वायफायवर गेलं. लागलेलं आहे, पण इथून माह्यं ऐकूनच नाही राहिलं."

समई शांत तेवत होती. धुरपताबाईंच्या बोटांत जपमाळ थांबली. चाळीस वर्षं ते याच वेळेला दुकानातून येत, आणि पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत.

खट्ट करून कुलूप उघडलं.

बाहेरच्या बादलीत कोणीतरी तांब्या बुडवला.