दोघांकडून

“हा आजार एकट्याच्या देण्यानं होत नाही. अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. दोन्ही अर्धे एकत्र आले तरच सिकलसेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दहा महिन्यांच्या धम्मरत्नची सुजलेली बोटं त्यांनी हळूच सोडली.

उकंडा आजोबानं मनातल्या मनात काटा लावला. जन्मभर तो यवतमाळच्या बाजारात कापसाचा मापारी. यंदा भाव पडले, गाड्या येईनाशा झाल्या, तसा तो माणसंच जोखत बसायचा. कोण किती ओलं, कुणाची किती घट धरायची, हे त्याला तोंडाकडे पाहूनच कळे. निदान तो तसं सांगत फिरे.

हिशेब सोपा होता. सून मोनाली अर्धी. ते तिनं लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतं, चहा यायच्या आधी. कॉलेजात जीवशास्त्र शिकताना तिचं रक्त तपासलं होतं. “मले तरास नाही, पण पोरगा साफ पाह्यजे,” असं बजावलंही होतं. उकंडाच्या बायकोनं, जयानं, नाक मुरडलं. उकंडाला मात्र माल चोख वाटला. त्यानं पोराला, राजदीपला, एस.टी. डेपोतल्या शिबिरात रक्त द्यायला लावलं. आलेला कागद स्वतः बोट ठेवून वाचला आणि मोनालीच्या बापाला निरोप धाडला: पोरगा साफ. मापाऱ्याच्या शब्दावर पावती कोण मागतो? विहारात लग्न लागलं.

म्हणजे मोनालीचं अर्धं. राजदीपचं शून्य. मग नातवाच्या अंगात पुरं माप आलं कुठून?

जयानंही तोच हिशेब केला असावा. ती सुनेपासून वीतभर सरकून बसली.

“सूनबाई,” तो म्हणाला, “दुसरं अर्धं माप कोणाचं व्हय?”

मोनाली पांढरीफटक पडली. बाळाची बोटं मुठीत धरून नवऱ्याकडे पाहत राहिली. एस.टी.ची मुकुटबनची फेरी दुसऱ्याच्या गळ्यात टाकून राजदीप खाकीतच धावत आला होता. बायकोच्या बाजूनं बोलावं की बापाच्या, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

“तुमच्या कागदात काय लिहून होतं?” तिनं विचारलं. “‘साफ’ असं लिहून होतं?”

“तसं नाही,” राजदीप चाचरला. “आमच्या डायवर भाऊच्या कागदावर ‘निरोगी’ लिहून होतं. माह्या नावापुढं रोगाचं कायीच नव्हतं, नुसती पोस्ट. बाबाच तं म्हणले, पोट्टा पक्का झाला, सरकारी कागदावर नोकरी चढली.”

“कोणती पोस्ट?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कंडक्टरले तुमच्या शुद्ध मराठीत म्हंतात तेच. वाहक.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. उकंडा एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला. एकही तोंड त्याला जोखता येईना.

“मामाजी,” मोनाली सासऱ्याला म्हणाली, “ज्याच्या रक्तात अर्धं असते, त्यालेच वाहक म्हंतात.”