उन्हाळ्यातला फोटो

“गावातला माझा खांब आधी दाखव, मग ऑपरेशनच्या कागदावर सही,” डेल्बर्टमामा दवाखान्यात हटून बसला. कॅनडातल्या स्कीना नदीकाठचा, आमच्या आदिवासी कुळाचा तो अस्वलाचा उंच लाकडी खांब त्यानेच तरुणपणी कोरलेला. परवाच्या वादळात तो पडला होता. मी फोनमधला गेल्या उन्हाळ्यातला फोटो पुढे केला.

मामा हसला. “अस्वलाचं नाक अजून माझ्यासारखंच बसकं! पण काय गं लबाडे, खिडकीबाहेर एवढा बर्फ, आणि खांबापाशी फुलं?”

मला रडू फुटलं. “सगळे मिळून परत उभा करू, मामा.”

“पडलेला खांब आपल्यात कधी कुणी उभा केलाय? तो मातीचा झाला, वर्ना.” सही न केलेला कागद त्याने हळूच माझ्या हातात ठेवला. “मलाही उभं करू नका.”