चौथऱ्यावरचा मापक

कुंभारवेशीत तेवीस घरं, दोन गटारं आणि पाण्याचा एकच मापक होता. मापकांचे आकडे पाहून शहराचं यंत्र पुराचं पाणी कोरड्या वस्तीकडे वळवी. फोटोत दिसावा म्हणून महापालिकेच्या साहेबांनी इथला मापक गणपतीच्या उंच चौथऱ्यावर बसवला होता. घरं बुडाली तरी तो शून्यच दाखवी, आणि यंत्र आणखी पाणी इकडेच सोडी. गेल्या वर्षी शेवंताकाकूंचे यजमान पलंगावरच बुडाले.

आज पाणी उंबऱ्याला लागताच काकूंनी बूड कापलेलं पिंप मापकाभोवती डांबराने चिकटवलं.

"काकू, आता पाणी साहेबांच्या कॉलनीत जाईल," शेजारची रेवती म्हणाली.

"जाऊ दे. पोहायला तलाव बांधलाय ना त्यांनी? ओत बादली."

पिंप भरलं.

तासाभराने कुंभारवेशीत दोन इंच पाणी होतं. साहेबांच्या कॉलनीत तीन फूट आठ इंच.