मार्गारेटचं ब्रोमेलियाड

बेनेडिक्ट घरात शिरला आणि चपला न काढताच गॅलरीत गेला. झाड फुललं होतं.

पानांच्या मधोमध लालभडक तुरा, त्यातून डोकावणारी जांभळी फुलं. वीतभर उंचीचं ते ब्रोमेलियाड हॉलच्या कोपऱ्यातून काढून कोणीतरी इथे उजेडात ठेवलं होतं.

"जेनिफर!"

सून हसत बाहेर आली. "सरप्राइज, पप्पा! पिकलेल्या सफरचंदाबरोबर पिशवीत झाकून ठेवलं की फुलतं. मी ग्लेनला पण सांगितलं नव्हतं."

"मारलंस तू तिला," बेनेडिक्ट म्हणाला.

झाड त्याच्या बायकोचं, मार्गारेटचं. जाण्याआधी तिनं बजावलं होतं, हे एकदाच फुलतं आणि मग मरतं, फुलू नये म्हणून याला सावलीतच ठेव. पाचूबंदरची होडी विकून तो बोळिंजच्या या फ्लॅटमध्ये मुलाकडे आला, तेव्हा बाकीचं सामान टेम्पोतून आलं आणि हे झाड त्याच्या मांडीवर. मार्गारेट होती तेव्हा तो पंधरा-पंधरा दिवस दर्यावर असायचा. तिच्यासाठी करायचं राहून गेलेलं सगळं तो आता झाडासाठी करायचा. पानांच्या मधल्या पेल्यासारख्या खळग्यात डास होऊ नयेत म्हणून रोज पाणी बदलायचा. उन्हाची तिरीप आली तरी पडदा ओढायचा.

डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तो मुलीकडे, मेलिसाकडे दोन महिने राहिला. झाड विश्वासानं सुनेवर सोपवलं. आणि तिनं हे केलं.

"पप्पा, बाजूनं पिल्लं येतात. झाड संपत नाही."

"मार्गारेटला कळत नव्हतं आनि तुला कळतं?"

त्या दिवसापासून त्यानं जेनिफरच्या हातचं जेवण सोडलं. खालून पाव आणायचा, चहात बुडवून खायचा. मुलगा ग्लेन मध्ये पडला, तर त्यालाही म्हणाला, "माझ्या पाठीमागं घात केला तिनं."

जेनिफरनं झाडाचा फोटो बागवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. हे वाचवता येईल का, एवढंच विचारलं. आगाशीजवळच्या एका वाडीतून लगेच उत्तर आलं. नाव रॉबर्ट. "मी स्वतः येऊन बघतो."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो आला. मेलिसाही भांडण मिटवायला सकाळीच आली होती, आत कोळंबी साफ करत होती. बेनेडिक्ट गॅलरीतल्या खुर्चीत तोंड फिरवून बसला होता.

रॉबर्ट झाडापुढे गुडघ्यांवर बसला.

"ही जात माझी," तो म्हणाला. "दोन झाडांचे पराग जुळवून मीच तयार केली. एका उन्हाळ्यात वाडीतली सगळी करपली. वाटलं, संपली." त्यानं खालची पानं अलगद बाजूला केली. "हे बघा."

खोडाशी नखाएवढा हिरवा कोंब होता. पलीकडे आणखी एक.

"आई हळूहळू सुकेल. पिल्लू तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झालं की कापून लावा. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं नको."

बेनेडिक्टनं वाकून कोंबाला बोट लावलं. त्याचे डोळे भरून आले.

"जेनिफर, बस इथं. माझंच चुकलं," तो म्हणाला. "आज तुझ्या हातचं जेवतो."

जेनिफर रडत रडत हसली. रॉबर्टही हसला.

"एकच पिल्लू बाहेर गेलं होतं," तो म्हणाला. "माझ्या मुलीच्या आईला दिलेलं. तिच्याकडून कुठं कुठं फिरत इथं आलं असेल, देव जाणे."

"मुलगी कुठं असते?" बेनेडिक्टनं विचारलं.

"दुसऱ्याच्या घरी वाढली. तिला माझ्याबद्दल माहीत नाही. मी झाडाला तेवढं तिचं नाव ठेवलं."

बेनेडिक्टला त्याची कीव आली. "लेक जवळ नसली की मानूस अर्धा होतो. माझी बघा, हाक मारायचा अवकाश. काय नाव तिचं?"

रॉबर्टनं फुलाकडे बघत मोठ्या अभिमानानं नाव घेतलं.

"मेलिसा!"

स्वयंपाकघरातून लगेच ओ आली, "आले, पप्पा!"