राहिलेला फर्मा

"बत्तिसाव्या पानानंतर एकदम एकोणपन्नासावं?" शेवंताबाईंनी पुस्तक पुन्हा चाळलं. मधली सोळा पानं नव्हतीच. पलीकडे छापखान्याचं कटिंग मशीन धडधडत होतं; तीन हजार पुस्तकं उद्या शाळांत जायची होती.

मागे अशीच चूक दाखवली, तेव्हा जुने मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडले होते, "तुला पानं दुमडायला ठेवलंय, वाचायला नाही!"

हे नवे पाटणकर साहेब मात्र रोज टेबलाशी थांबून, "शेवंताबाई, उजेड पुरतो ना?" असं विचारायचे आणि उत्तर ऐकल्याशिवाय हलायचे नाहीत. धीर करून त्या केबिनच्या दारात गेल्या. "साहेब, रागावू नका, पण सोळा पानांचा एक फर्मा राहिलाय."

साहेबांनी पानं मोजली. "मग मशीन अजून चालू कसं?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय कसं थांबवू?"

"असं दिसलं की मला शोधत यायचं नाही. तुम्हीच थांबवायचं, बाई."

शेवंताबाई वळल्या. वीस वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज मशीनच्या वर गेला. "निगडे, मशीन बंद करा!"

मशीनवरच्या निगड्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब शेवंताबाईंकडे पाहत होते.

निगड्यांनी खटका दाबला.