पडताळणी

"मॅडम, तुमची गेम चोरीची असावी असं आमची सिस्टीम म्हणतेय," गेम बनवणाऱ्या कंपनीचा मुलगा फोनवर म्हणाला.

"पावती पाठवलीय. आम्ही फक्त कॉम्प्युटरचा जळालेला मदरबोर्ड बदलला."

"मग सिस्टीमसाठी तो नवा कॉम्प्युटर झाला. पडताळणीला पंधरा दिवस लागतील, तोवर गेम बंद राहील."

मी बाबांकडे पाहिलं. अर्धांगवायूनंतर रबरी चेंडू दाबायला त्यांनी साफ नकार दिला होता. गेममधली होडी मात्र ते रोज हाकायचे, आणि ती डाव्या अंगठ्यानेच वळायची. तो अंगठा नुकता कुठे हलू लागला होता. आता खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"चोरांना अडवायला हे कुलूप लागतंच, मॅडम."

"अडतात का ते?"

त्याने तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे टिपणीसकाका बाबांसाठी पेनड्राइव्ह घेऊन आले. "घ्या कारखानीस, चोरीचा माल. नातवाने नेटवरून उतरवलाय. याला कुणाची परवानगी लागत नाही."

गेम लगेच सुरू झाली. "आपण उगाच सभ्य राहिलो," बाबा म्हणाले आणि त्यांनी होडी पाण्यात लोटली.

पंधराव्या दिवशी कंपनीचा फोन आला. मी तो स्पीकरवर घेतला. बोलणारा आवाज रेकॉर्ड केलेला होता. "आपली पडताळणी अद्याप सुरू आहे. आमच्या सेवेबाबत समाधानी असाल तर पाच दाबा, नसाल तर एक."

"इकडे आण," बाबा म्हणाले. त्यांनी फोन उजव्या हातात धरला. मग डावा अंगठा सावकाश उचलला, थरथरत पुढे नेला आणि एक दाबला.