झाकणाखालचा बर्फ

इसामूची मासेमारीची बोट बेपत्ता झाल्यापासून आई रोज त्याच्या नावाने गरम सूपचा वाडगा झाकून ठेवी. झाकणाला आतून थेंब धरले की मुलगा सुखरूप, असं नेमुरो बंदरातल्या बायका मानत.

मिनोरी वाडग्याशेजारी व्हिडिओ गेमचा दुसरा कंट्रोलर ठेवी आणि भावाच्या लाडक्या बर्फाच्या ट्रॅकवर एकटीच शर्यत खेळे. टीव्हीच्या पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात त्याची गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभीच असे.

"ये की रडक्या, हरवते तुला!" आजही ती म्हणाली.

आईने झाकण उचललं. "मिनोरी, सूप तर वाफाळतंय. पण झाकणाला आतून बर्फ धरलाय गं."

मिनोरीने पडद्याकडे पाहिलं. इसामूची गाडी रेषेवर नव्हती. ती समोरून, उलट दिशेने, सावकाश येत होती.

मिनोरीने चटईवर सरकून जागा करून दिली.